उजव्या बाजूचा शेरा

आमच्या दुकानात माप मोठ्याने सांगायची पद्धत होती, पण खरं माप कधीच नाही. मी टेप घेऊन पडद्यामागे गिऱ्हाइकाभोवती फिरायची आणि वन्सं, म्हणजे माझी नणंद, पडद्याच्या अलीकडे वही उघडून बसायच्या. मी म्हणायची, "कंबर छत्तीस," आणि वन्सं लिहायच्या चौतीस. प्रत्येक आकड्यातून दोन वजा. बाहेर बाकावर चार बायका कान टवकारून बसलेल्या असायच्या. त्यांना ऐकू जायचं ते आमचं खोटं माप. एकदा एक नवीन गिऱ्हाईक आतूनच किंचाळली, "छत्तीस? माझी?" तिला कानात सगळं समजावून सांगेपर्यंत बाहेर हसून हसून बाक हलायला लागला होता.

शेरे मात्र मोठ्याने सांगायचे नाहीत, खोटेसुद्धा नाहीत. डावा खांदा खाली. पाठीला बाक, कॉलर उचलून शिवणे. पोट दिसू नये. असलं सगळं मी पडद्याबाहेर येऊन, तोंडावर हाताचा आडोसा धरून वन्संच्या कानात सांगायची. त्या मान न हलवता लिहून घ्यायच्या. शिवणकामात माणसाचं शरीर जेवढं कळतं तेवढं डॉक्टरलाही कळत नसेल. कुणाला दिवस गेलेत, कोण आतून खंगत चाललंय, कोण जेवत नाही, टेपला सगळं आधी समजतं. चाळीस वर्षांत आमच्या दुकानातून एक गोष्ट बाहेर गेली नाही. हिरव्या कापडी पुठ्ठ्याच्या एकतीस वह्या कापणीच्या टेबलाच्या खणात कुलपात. त्यांत नावं नाहीत, नुसते नंबर. कुठला नंबर कोणाचा, ते माझ्या आणि वन्संच्या डोक्यात.

वन्संना जाऊन नऊ वर्षं झाली. माझी नजर सुईच्या नेढ्यापुरती उरली नाही तेव्हा दुकान सुनेकडे गेलं. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. मी दुपारी येऊन बसते, काज तपासते, उसवायचं असेल ते उसवते आणि जास्त बोलते, असं सून म्हणते.

गेल्या वर्षी दुकानात एक निळ्या शर्टवाला आला. कुठल्याशा कंपनीचा. शिंप्यांसाठी त्यांनी ॲप काढलं होतं. गिऱ्हाइकाचा फोन नंबर टाकायचा, मापं टाकायची, कपडा तयार झाला की तिला आपोआप निरोप जायचा.

"याचं काय घेणार?" मी विचारलं.

"काही नाही आजी. फुकट आहे."

"मग तुमचं पोट कशावर चालतं?"

तो हसला. हसला पण बोलला नाही, हे मी टिपून ठेवलं.

"आणि ही मापं राहणार कुठे?"

"क्लाउडमध्ये. एकदम सुरक्षित."

"म्हणजे कुठे?"

त्याने बोट वर केलं. वर आमचा पंखा होता.

तो गेल्यावर मी सुनेला म्हटलं, "मला हा माणूस पटलेला नाही. नुसतं हसतो."

"आई, तुम्हाला दूधवालाही पटत नाही."

"दूधवाल्याला मी चाळीस वर्षं ओळखते. म्हणूनच पटत नाही."

"अहो, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? कोणाच्या तिजोरीच्या किल्ल्या आहेत का? छाती-कंबर तर सगळ्यांनाच असते."

सगळ्यांना नसते, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी गिळलं.

सून ऐकणार नव्हती. दोन महिने ती रोज थोडी थोडी मापं वह्यांतून दुकानाच्या फोनमध्ये भरत होती. कुठला नंबर कोणाचा हे मला विचारावं लागायचं आणि मी सांगायची. नाही म्हणायला तोंड नव्हतं, कारण कामं सोपी झाली होती हे मलाही दिसत होतं. मीही आपला थोडा हातभार लावला.

मग एका सोमवारी बाई आल्या.

बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गावातली निम्मी माणसं आजही त्यांना पाहिलं की शर्टाचं वरचं बटण लावतात. उंच, ताठ, बोलणं मोजकं. एकोणीस वर्षांपूर्वी दोन महिने रजेवर होत्या. परत आल्या त्या दुपारी थेट दुकानात आल्या, हातावर करड्या रंगाचा कोट. पडद्यामागे गेल्या, ब्लाउज काढला आणि माझ्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. उजव्या बाजूला काखेपासून मधल्या हाडापर्यंत एक आडवी शिवण होती. बाकी सपाट.

"ताई, याचं काहीतरी करा," त्या म्हणाल्या. "शाळेत कुणाला कळता कामा नये."

घरीही कोणाला कळायला नको होतं. त्यांची आई त्याच आजाराने गेली होती. धाकटी बहीण भित्री, साधा ताप आला तरी मृत्युपत्राची भाषा करणारी. बाईंनी तिला पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. एकदा सांगितलं ते सांगितलं. पुढे दरवर्षी ते मोडणं जास्त अवघड होत गेलं.

मी आणि वन्संनी मिळून आतली गादी बेतली. आधी नुसता कापूस भरला. तो हलका पडला. हात वर केला की सगळं वर सरकायचं. मग पडद्याच्या काठात घालतात ती छोटी वजनं एका पिशवीत शिवून कापसाच्या पोटात घातली. बाई कोट घालून दुकानात इकडून तिकडे चालल्या, खाली वाकल्या, फळ्यावर लिहावं तसा हात उंच केला. जागचं काही हललं नाही. "पास," त्या म्हणाल्या आणि हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसल्या असतील. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक कपडा आमच्याकडेच शिवला गेला.

त्या सोमवारी त्या बाकावर बसल्या, सून मागे इस्त्रीपाशी आहे हे पाहून घेतलं आणि फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक तरुण बाई हसत होती. खाली लिहिलं होतं: शस्त्रक्रियेनंतरही तोच आत्मविश्वास. डाव्या आणि उजव्या बाजूसाठी, सर्व मापांत.

"आठ दिवस झाले," बाई म्हणाल्या. "बातम्या उघडल्या की ही. शब्दकोडं उघडलं की ही. झाडांच्या कलमांचा व्हिडिओ बघायला गेले तर तिथेही हीच."

"सगळ्यांनाच येत असेल हो. जाहिरातच ती."

"शेजारच्या काकूंचा फोन पाहिला मी. त्यांना गुडघ्याचं तेल येतं. त्यांना गुडघे आहेत." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "ताई, मी या विषयावर फोनमध्ये कधी एक अक्षर लिहिलेलं नाही. डॉक्टरांकडे जायचे तेव्हा फोन घरी ठेवून जायचे. हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं. डॉक्टर वारले. तुमच्या वन्सं गेल्या."

त्या माझ्याकडे नुसतं पाहत राहिल्या.

"बाई, मी कुणाकडे बोलले नाही. देवाशपथ."

"मी म्हटलं का तसं?"

म्हटलं नव्हतं. पण समोर ठेवलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही.

"शनिवारी भाची येते आहे," त्या म्हणाल्या. "तिला इथे नोकरी लागली. आता माझ्याकडेच राहणार. ती आली की आधी माझा फोन हातात घेते. मावशी, किती कचरा भरलायस म्हणत सगळं उघडून बघते. चांगली आहे पोर, पण तिच्या पोटात काही राहत नाही. तिला कळलं की संध्याकाळी माझ्या बहिणीला कळलं. हे कुठून चाललंय ते शोधा आणि बंद करा, शनिवारच्या आत."

उठताना त्यांनी सोबतची पिशवी उचलली. तिच्यात कोट होता, अस्तर बदलायला आणलेला. तो त्या परत घेऊन गेल्या. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं.

माझा पहिला संशय सुनेवर गेला. लिहायला लाज वाटते, पण गेला. त्या दिवशी मी तिच्यावर नजर ठेवून बसले. ती फोनवर कोणाशी बोलते, हसते का, माझ्याकडे पाठ करून काय टाइप करते. काज करायला येणाऱ्या बाईवरही संशय घेतला. ती येताजाता वह्यांच्या खणाला पाय लावते असं मला अचानक दिसायला लागलं. खण उघडून वह्या मोजल्या. एकतीस. पुन्हा मोजल्या. कुलूप बदललं.

दुकान आवरताना मी सुनेला गाठलं.

"माझ्या वह्या तू त्या डबड्यात भरल्यास."

"तुमच्यासमोर भरल्या. काय झालं?"

"बाईंचं काय काय भरलंस?"

"सगळ्यांचं भरलं तेच. खांदा, छाती, बाही, उंची."

"आणि शेरे?"

"शेरे मला वाचता कुठे येतात! आत्यांचं ते मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर. मी नुसते आकडे घेतले. शेरा लागला तर तुम्हाला विचारते, नाही का?" मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आई, तुम्ही माझी उलटतपासणी घेताय?"

"मी विचारलं फक्त."

"नाही. विचारणं वेगळं असतं. मी ओळखते तुमचा आवाज."

मी काय झालं ते तिला सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे बाईंचं सांगावं लागलं असतं. तिला वाटलं, सासू म्हातारपणी चळली. दोन दिवस आम्ही एकमेकींशी टाचणी आणि खडूपुरतं बोललो.

बुधवारी मी स्वतः कंपनीला फोन लावला. बरीच बटणं दाबल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"एका गिऱ्हाइकाची माहिती पुसायची आहे," मी म्हटलं.

"नक्की मॅडम. आपलं पूर्ण नाव? जन्मतारीख? घरचा पत्ता?"

"मी माहिती काढून टाकायला फोन केलाय, भरायला नाही."

"पडताळणीसाठी लागतं मॅडम. आणि ज्यांची माहिती आहे त्यांच्या ओळखपत्राचा फोटो. शिवाय नेमकं काय काढायचं आहे ते सविस्तर लिहून पाठवा."

"अगं, सविस्तर लिहून पाठवायचं असतं तर काढायला कशाला सांगितलं असतं?"

"मी आपली अडचण समजू शकते, मॅडम."

समजू शकत नव्हती. समजली असती तर ते माझ्यासाठी आणखी वाईट होतं. मी फोन ठेवून दिला आणि मग मनात आलं, हिला माझा नंबर तर कळलाच आहे.

गुरुवारी सून माझ्यासमोर येऊन बसली. तिने इस्त्री बंद केली होती, म्हणजे बोलणं लांबणार होतं.

"हे बघा आई. बाईंचं काहीतरी आहे, एवढं मला कळलंय. काय ते मला नको. पण तुम्हाला त्यांचं पान काढून टाकायचं असेल तर कंपनी कशाला? दुकानाच्या फोनवरून काढता येतं. बसा इथे, तुमच्या डोळ्यांसमोर काढते."

तिने पान उघडलं. खांदा, छाती, बाही, उंची. तिने बोटाने पान वर सरकवलं, आणि थांबली. मग फोन माझ्याकडे न वळवता, हळूच, काज करणारी बाई जवळपास नाही ना हे बघून, वाचून दाखवलं.

"उजवी बाजू नाही. आत गादी, वजनाची. कुणाला सांगायचं नाही."

माझे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले.

"हे मी लिहिलेलं नाही," सून म्हणाली. तिच्या आवाजात चढ नव्हता, म्हणून जास्त लागलं. "खाली वेळ आहे. एकवीस तारीख, दुपारी तीन दहा. त्या दिवशी मी बटणं आणायला बाजारात गेले होते. बोलून भरलंय."

मला ती दुपार अख्खी आठवली. स्मरणशक्तीचा मला फार अभिमान, पण ती मी एका कोपऱ्यात अशी ठेवून दिली होती जणू त्या दुपारी काही झालंच नव्हतं. दुकानात मी एकटी होते. फोन टेबलावर होता. सुनेने भरलेली पानं बघत बसले तर शेऱ्याची जागा सगळीकडे रिकामी. मला राहवेना. शेऱ्याशिवाय माप म्हणजे निव्वळ आकडे. उद्या मी नसले तर ही मुलगी डाव्या खांद्याला उजव्यासारखाच कापणार. टाइप करता येत नाही, पण माइकचं चित्र दाबून बोलायचं हे सुनेचं बघून माहीत होतं. दाबलं. बारीक अक्षरांची एक पाटी वर आली, खाली दोन बटणं. मोठं होतं ते दाबलं. मग फोन तोंडाशी धरला, हाताचा आडोसा केला आणि वन्संच्या कानात सांगायची तसं एकेक सांगत गेले. कुजबुजत. काय सांगायचं नाही तेही सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं, तेसुद्धा.

मोठ्याने बोलायची चूक माझ्या हातून झाली नसती. कुजबुजलं की गोष्ट सुरक्षित, एवढंच मला शिकवलेलं होतं. सुनेला आपणहून दिसेल, ती म्हणेल आई, बरं केलंत, म्हणून मी तिला काही बोलले नव्हते. ती आकड्यांच्या खाली कधी गेलीच नाही.

"किती जणींचे भरले?" सुनेने विचारलं.

"त्रेचाळीस."

तिने तोंडात येईल ते बोलायला हवं होतं. तीन दिवस मी तिला चोर ठरवलं होतं. ती फक्त म्हणाली, "चला, काढू." आम्ही दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत एकेक पान उघडत होतो आणि पुसत होतो. मी नंबर सांगायची, ती शेऱ्यावर न वाचता बोट ठेवायची. मान वळवून, जसं कपडे बदलणाऱ्या माणसाकडे पाठ करावी तसं. शेवटी तिने ती बारीक अक्षरांची पाटी शोधून काढली आणि मला वाचून दाखवली. एक बाही जोडून व्हावी एवढा वेळ लागला. मध्ये कुठेतरी होतं, माहितीचा वापर आमच्या विश्वासू भागीदारांसह.

"हे भागीदार कोण?"

"ते लिहिलेलं नाही," सून म्हणाली. "आई, इथून तर गेलं. तिकडून गेलं की नाही, कोण सांगणार?" मग फोन उपडा ठेवून, "मीच म्हणाले होते ना, लपवण्यासारखं काय आहे म्हणून."

शुक्रवारी सकाळी मी बाईंच्या घरी गेले. भाचीसाठी मागची खोली लावणं चाललं होतं. पलंगाला नवी चादर, टेबलावर दिवा. बाईंनी मला खुर्ची दिली, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "मी विचार केला ताई. तुमच्यावर माझा राग नाही. त्या ॲपमधूनच गेलंय, आणि ते भरलं तुमच्या सुनेने. नव्या मुली, त्यांना याचं काही वाटत नाही. तिलाही मी दोष देत नाही."

मी नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. माझी एकोणीस वर्षं वाचली असती. सून काही बाईंकडे खुलासा करायला जाणार नव्हती.

"सुनेने नाही," मी म्हटलं. "मी."

मी सगळं सांगितलं. माइक, मोठं बटण, कुजबुज, त्रेचाळीस जणी. बाई चादरीची घडी हातात धरून उभ्या होत्या.

"काय शब्दांत सांगितलंत?"

"जाऊ द्या ना बाई."

"काय शब्द होते?"

"उजवी बाजू नाही."

"पुन्हा म्हणा."

"उजवी बाजू नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांत मी स्वतःशीसुद्धा असं म्हटलेलं नाही. मी म्हणते, उजवीकडे गादी आहे." यापुढे त्या आणखी काही बोलल्या. मी ते लिहिलं होतं. हे सगळं बाईंना वाचून दाखवलं तेव्हा बाकीच्याला त्या हो म्हणाल्या आणि तेवढ्या दोन ओळी खोडायला लावल्या. म्हणून त्या इथे नाहीत.

"पण आता पुसलंय," मी म्हटलं. "काल बसून पुसलं."

बाईंनी फोन उघडून माझ्यापुढे धरला. तीच बाई हसत होती. "आज सकाळपासून दुसऱ्यांदा."

आम्ही दोघी बराच वेळ वाटा शोधत बसलो. नवा फोन घेतला तर नंबर तोच. नंबर बदलला तर भाची विचारणार, का बदललास. फोन बिघडला म्हणून सांगितलं तर ती तो दुरुस्त करायला घेणार. प्रत्येक वाटेच्या टोकाला ती पोर फोन हातात घेऊन उभी होती.

"ठीक आहे," शेवटी बाई म्हणाल्या. "उद्या मीच सांगते. या हसऱ्या बाईकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. तुम्ही या चार वाजता."

"मी कशाला बाई? तुमच्या घरातलं ते."

"तुम्ही आणलंत. समोर बसा."

शनिवारी मी चारला गेले. भाची आलेली होती, सामान अजून दारातच. बोलकी, गोड मुलगी. "शिलाईवाल्या आजी ना तुम्ही? मावशीचे कोट काय मस्त बसतात हो!" म्हणाली. मला कुठे बघावं कळेना. बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि शाळेत सूचना सांगावी तसं सांगितलं. अमुक वर्षी, अमुक ऑपरेशन, उजवी बाजू, आता प्रकृती उत्तम. प्रश्न असतील तर विचारावेत, एवढंच काय ते म्हणायचं राहिलं.

भाची रडली, मावशीच्या गळ्यात पडली. "अगं, एकटीने सोसलंस? आम्ही काय मेलो होतो?" आणि डोळे पुसता पुसताच तिचं बोट फोनवर फिरलं.

"काय करतेस?" बाईंनी विचारलं.

"आईला लावते."

"थांब. मला आधी..."

तोवर पडद्यावर बहीण आली होती. तिने ऐकलं, तोंडावर हात घेतला, आधी रडली, मग रागावली, मग स्वतःच्या तपासण्यांचं विचारायला लागली. बाई फोनकडे बघून "हो," "नाही," "बरी आहे," एवढंच म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर भाची म्हणाली, "बघ, झालं ना! उगीच मनात धरून बसलीस. हल्ली यात लपवण्यासारखं काही नसतं गं मावशी. बायका फोटो टाकतात, मोकळेपणाने लिहितात. अशा बायकांचा एक ग्रुप आहे, थांब, तुला घालते त्यात. दे तुझा फोन."

बाईंनी फोन दिला नाही. टेबलावरचा उचलून कोटाच्या खिशात घातला. भाची हसली, "बरं बाई, नंतर," म्हणाली आणि बॅग ओढत मागच्या खोलीत गेली.

बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या.

"सगळे म्हणतील बरं झालं," त्या म्हणाल्या. "मोकळं वाटलं असेल म्हणतील. तुम्ही म्हणू नका."

"नाही म्हणणार."

"सांगायला माझी हरकत नव्हती ताई. कदाचित मी सांगितलंही असतं. पुढच्या वर्षी, नाही तर कधीच नाही. ते माझं मी ठरवणार होते."

आतून भाचीचा आवाज येत होता. फोनवर तिची आई नव्हती. कोणी मैत्रीण असावी. "अगं, आमच्या मावशीचं तुला कळलं का..." बाईंनी मागे हात करून दार ओढून घेतलं, पण त्या आत गेल्या नाहीत. पायरीवर माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

"त्रेचाळीस म्हणालात ना काल?"

"हो."

"बाकीच्या बेचाळीस जणींना सांगितलंत?"

मी पदर सारखा केला. खरं सांगायचं तर मी आशेवर होते. त्यांच्या फोनवर काही आलं नसेल, आलं असलं तरी कुठून आलं हे कळणार नाही, आणि शेरे तर पुसलेले.

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या. त्या आवाजाला आमच्या गावात तीन पिढ्या घाबरतात. "माझं मला आठ दिवसांत कळलं, कारण मी संशयी आहे. त्यांना कळेल तेव्हा घरातल्या कोणाच्या तरी हातात त्यांचा फोन असेल. जवळ कोण राहतं?"

"कोपऱ्यावर. औषधाच्या दुकानवाल्याची बायको."

"मग जा."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी?"

औषधवाल्याच्या बायकोचा शेरा मी इथे लिहिणार नाही. तो लहान होता, सहा शब्दांचा. मी कोपऱ्यापर्यंत चालत गेले, जिने चढले, मध्ये एकदा दम घ्यायला थांबले आणि परत फिरावंसं वाटलं म्हणून जास्त थांबले नाही. घंटा वाजवली. तिनेच दार उघडलं. मला बघून चेहरा फुलला तिचा.

"अगंबाई, ताई! आज इकडे वाट चुकलात की काय? या ना आत."

तिच्या मागे कोचावर तिचा नवरा बसला होता. त्याच्या हातात फोन होता. तो त्याचा होता की तिचा, मला दिसेना.

"आत नको," मी म्हटलं. "तूच जरा बाहेर येतेस?"